साडेतीन मिलिमीटर: मामाच्या पिकअपचा पुढचा एक्सल

गेल्या जूनमध्ये मामाच्या पिकअपचा पुढचा शाफ्ट, म्हणजे एक्सलच्या आतला चाक फिरवणारा दांडा, गेला. तुटला असं सगळ्यांना सांगतो मी, पण खरं तर तो आधी पिळला आणि मग तुटला, म्हणजे रसवंतीच्या चरकातून दुसऱ्यांदा काढलेलं चिपाड कसं दिसतं तसे स्प्लाइनचे, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचे, दात झालेले, सरळ असायला पाहिजेत ते स्क्रूच्या आट्यांसारखे गोल फिरलेले. वेल्ह्याच्या वर मामाची भाताची खाचरं आहेत, तिथे जायचा रस्ता म्हणजे निम्मा ओढाच, मागे शेणखत भरलेलं (किती भरलं होतं विचारलं तर मामा म्हणतो "नेहमीएवढंच", म्हणजे हौद्याच्या वर एक हात), उजवं पुढचं चाक दोन धोंड्यांमध्ये अडकलं, मामाने लो (फोर व्हीलचा हळू पण जोरदार गिअर) टाकला, पहिला टाकला आणि दाबली. टण्ण आवाज आला म्हणे. मग गाडी चार दिवस ओढ्यात आणि खत पाट्यांनी डोक्यावरून.

गाडी १९९६ची आहे. जीपच्या खानदानातली, पुढे-मागे पाटे, दोन्हीकडे सरळ एक्सल, मागे लोखंडी हौदा. कंपनीचं नाव घेत नाही कारण कंपनीचा दोषच नाहीये, दोष मामाच्या लोडिंगचा आहे. पुढचा एक्सल म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या स्पायसर २५च्या घराण्यातला, त्या वेळी पाव टन माल वाहायच्या गाडीसाठी केलेलं डिझाइन, आणि त्यावर आपण डिझेल इंजिन, लोखंडी हौदा आणि अठ्ठावीस वर्षं शेणखत लादलंय. तो इतकी वर्षं टिकला हेच खूप.

पहिला विचार अर्थातच तसाच शाफ्ट आणून टाकायचा. नाना पेठेत दोन दिवस फिरलो. एकाकडे डावा मिळाला, उजवा नाही. एकाने जो नवीन म्हणून दाखवला त्याला व्हर्निअर लावला तर स्प्लाइनच बसेना. बुधवारी जुन्या बाजारात गेलो, तिथे एक मिळाला पण तो आमच्यापेक्षा जास्त पिळलेला, विकणारा म्हणतो "साहेब, थोडा फिरलाय फक्त". त्यात घरचा हाऊसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) उघडल्यावर कळलं की बॉलच्या, म्हणजे एक्सलच्या टोकाच्या पोकळ गोलाच्या, सीलमधून इतकी वर्षं चिखल आत जात होता, किंगपिनची (चाक ज्यावर वळतं ती पिन) बेअरिंग खडखडत होती, क्राऊनचे, म्हणजे मधल्या मोठ्या दातेरी चक्राचे, दोन दात टोकाला उडालेले. म्हणजे शाफ्ट टाकूनही काही उपयोग नव्हता. मी भोसरीत टूलरूममध्ये काम करतो, मोजमाप हाच धंदा, आणि मित्राची लेथ आहे, त्यामुळे डोक्यात किडा आला की आपणच बनवू. बायको म्हणाली "किती दिवस?" मी म्हटलं दीड महिना. सहा लागले.

आता बनवायचं म्हणजे काय तर सगळं नाही. बाहेरची टोकं गाडीचीच ठेवली: बॉल, किंगपिन, स्टब, हब, ड्रम, म्हणजे ब्रेक आणि चाकांमधलं अंतर जसंच्या तसं. मधला गोळा, म्हणजे क्राऊन ज्यात बसतो तो डिफरन्शिअल, मोठा घ्यायचा, नळ्या नव्या, शाफ्ट नवे. मधल्यासाठी जुन्या जीपचा मागचा एक्सल शोधला, स्पायसर ४४, ज्याचा क्राऊन २१६ मिलिमीटरचा असतो, पुढच्यापेक्षा चांगलाच मोठा. हा शोधताना खरी फिरफिर झाली कारण पूर्वी असलं काही पाहिजे असलं की डोळे झाकून कुदळवाडी गाठायचो, पण २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली भंगारची दुकानं आणि गोदामं पाडली आणि ते सगळे लोक पांगले. एकाचा फोन होता जुना, तो आता मोशीच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये बसतो, त्याच्याकडे तीन एक्सल पडले होते. मी खडू घेऊन बसलो आणि दात मोजले. क्राऊनला त्रेचाळीस आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला आठ. आमच्या मागच्यातही त्रेचाळीस आणि आठ, ५.३७५चा रेशो. पुढे-मागे रेशो एकच पाहिजे, नाहीतर फोर व्हील लावल्यावर पुढचे आणि मागचे एकमेकांशी भांडत बसतात आणि मधल्या मध्ये ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी, मरते. पट्टीवर काय कोरलंय त्यावर विश्वास ठेवू नका, तीस वर्षांत त्या गोळ्यात कोणी काय घातलं असेल सांगता येत नाही, दात मोजा.

इथे एक गंमत आहे जी मला पण आधी नीट कळली नव्हती. मागचा एक्सल पुढे लावायचा तर त्याचं तोंड फिरवावं लागतं, कारण मागच्याचं पिनियन पुढे बघतं आणि पुढच्याचं मागे. तोंड फिरवलं की त्या बिचाऱ्या एक्सलच्या दृष्टीने गाडी कायम रिव्हर्समध्येच चालते. दाताची जी बाजू जोर घ्यायला बनवलीये ती मोकळी आणि जी बाजू उतारावर इंजिन ब्रेकिंगसाठी आहे ती ओढायला. ती बाजू थोडी कमजोर असते. तरी पण क्राऊन इतका मोठा झालाय की आमच्या कामाला चालून जातं. दुसरं म्हणजे गोळा मधोमध नसतो. आमच्या गाडीत ट्रान्सफर केसचं तोंड उजवीकडे, ड्रायव्हर बाजूला, म्हणून गोळाही तिकडेच. मागच्याचा पण उजवीकडेच. फिरवला की तो क्लीनर बाजूला जातो! म्हणजे लांब नळी आखूड पाहिजे आणि आखूड लांब. मी हे आधी कागदावर काढलं, मग पटलं नाही म्हणून घरी बेलन घेऊन त्याला एका टोकाजवळ रबर बँड लावून फिरवून बघितलं. नळ्या बदलायच्याच होत्या म्हणून ठीक, नाहीतर इथेच बोंब होती.

नळ्यांसाठी अडीच इंची शेड्यूल ८० सीमलेस पाइप घेतला, बाहेरून ७३ मिलिमीटर आणि जाडी ७. गोळ्याच्या भोकात जायला टोकं लेथवर उतरवून घेतली, भोकापेक्षा सहा शतांश मिलिमीटर मोठी ठेवली, प्रेसवर दाबून बसवायची म्हणून. जुन्या नळ्या काढायला मात्र जीव गेला. ज्या प्लग वेल्डिंगने त्या धरलेल्या असतात ते ड्रिलने काढलं, प्रेसवर चढवलं, वीस टनाला काही हललं नाही, पंचवीसला नाही, आणि मग एकदम बंदुकीसारखा आवाज. शेडमधली चार कुत्री पळाली.

शाफ्टचं गणित थोडं सांगतो कारण लोक इथेच चुकतात, सगळे मटेरियलच्या मागे लागतात आणि व्यास विसरतात. पिळाला शाफ्ट किती टिकेल हे व्यासाच्या घनावर जातं. जुना सगळ्यात बारीक जागी २८ मिलिमीटर होता, नवीन ३३ केला. व्यास वाढला १८ टक्के, ताकद वाढली ६४ टक्के, तेच पोलाद असलं तरी. त्यात आम्ही ईएन-२४ हे मिश्र पोलाद वापरलं, हार्डन-टेम्पर केलेलं. इंजिनचे १५० न्यूटन मीटर धरा, पहिला गिअर साडेतीन, लो २.४६, क्राऊन ५.३७५, गुणाकार केला तर जवळपास ६,९०० न्यूटन मीटर होतात, आणि हा आकडा बघून घाबरायला होतं. पण चाक तेवढं घेऊच शकत नाही, त्याआधी ते घसरतं. पुढच्या दोन्ही चाकांवर मिळून ९०० किलो, घर्षण ०.८, चाकाची त्रिज्या ३७ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही मिळून २,६०० आणि एका चाकाला १,३००. आमचा नवीन शाफ्ट २,७००च्या आसपास पिळायला लागेल. हे सगळं चाक घसरू शकतं तोपर्यंत. दोन धोंड्यांमध्ये चाक अडकलं आणि ड्रायव्हर मामा असला की झटक्याने आकडा कुठेही जाऊ शकतो.

शाफ्टला टोकाला जो चिमटा असतो, क्रॉस (फुलीसारखा चार टोकांचा सांधा) बसायचा, तो शाफ्टच्याच अंगाचा पाहिजे. फोर्जिंग दोन नगांसाठी कोण करून देणार? म्हणून १०० मिलिमीटरची सळी घेतली आणि सगळी लेथवर उतरवली. सहाशे मिलिमीटर लांबीचा तुकडा ३७ किलोचा, त्यातून शाफ्ट निघाला पाच किलोचा. ओंडक्यातून दातकोरणं काढल्यासारखं. बाकी सगळा कीस. टर्नर दिवसभर काही बोलला नाही, संध्याकाळी कीसाचा ढीग झाडताना म्हणाला "हा भंगारवाल्याला दिला तर तुझ्या चहाचा खर्च निघेल". निघाला पण, वर वडापावचाही.

बाहेरचा जोड, जो वळलेल्या चाकालाही फिरवतो, क्रॉसचा ठेवायचा की गोळ्यांचा यावर मित्रात आणि माझ्यात आठवडाभर वाद. विलीजमध्ये युद्धाच्या काळात चार प्रकारचे जोड आलेले आहेत, बेंडिक्स, झेप्पा, ट्रॅक्टा आणि स्पायसरचा क्रॉस, म्हणजे तेव्हाही एकमत नव्हतं. क्रॉसची अडचण अशी की चाक वळवलं की तो एकसारख्या वेगाने फिरत नाही. तीस अंशात वळवलं तर एका फेरीत दोनदा वेग ०.८७पर्यंत उतरतो आणि दोनदा १.१५पर्यंत चढतो, ते स्टीअरिंगला हिसक्यासारखं लागतं. झेप्पाच्या जोडात गोळ्या कायम दोन्ही शाफ्टच्या कोनाच्या बरोब्बर मधल्या पातळीत राहतात म्हणून तिथे हे होत नाही, फार हुशार काम आहे ते. पण तो फुटला तर वेल्ह्यात काय करणार? क्रॉस नाना पेठेत कुठल्याही दुकानात मिळतो, खिशात घालून नेता येतो आणि हातोडी-पान्यावर बदलता येतो. शिवाय काहीतरी तुटणारच असेल तर ते स्वस्तातलं तुटावं. फोर व्हील लावून कोण साठने चाललाय, चिखलात दहाने जाताना हिसका बसला तर बसू दे. क्रॉस ठेवला.

आता मेन गोष्ट, वेल्डिंग.

गोळा ओतीव आणि नळी पोलादी, हे दोन एकमेकांना जोडणं म्हणजे सासू-सुनेचं प्रकरण, गरम-थंड सांभाळून करावं लागतं. आमचे वेल्डर काका साठीचे, मोठ्या कारखान्यातून रिटायर झालेले, आता हौसेने काम घेतात. त्यांनी आधी बर्नरने गोळ्याची टोकं अडीचशे डिग्रीपर्यंत तापवली, टेम्परेचरच्या खडूने रेघ मारून बघत, मग निकेलच्या कांडीने एकेक इंच. एक इंच इकडे, एक इंच बरोब्बर समोर. प्रत्येक इंचावर लगेच छोट्या हातोडीने टकटक टकटक, वेल्डिंगचा मणी थंड होताना आकसतो आणि शेजारच्या ओतीवाला फाडतो, तो ताण हातोडीने मारून सोडवायचा. निकेलची कांडी नगावर विकतात, किलोवर नाही, यावरून किंमत समजून घ्या. काका प्रत्येक कांडीचं शेवटचं बोटभर थोटूक पण जपून ठेवत होते. झाल्यावर सगळं चुन्याच्या पोत्यात पुरलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद. मी सकाळी सहाला जाऊन बघितलं, चुना अजून कोमट होता.

सरळपणा तपासायला मी चार चकत्या बनवल्या होत्या, दोन क्राऊनच्या बेअरिंगच्या जागी बसणाऱ्या आणि दोन नळ्यांच्या टोकांना, आणि त्यातून ४० मिलिमीटरचा ग्राइंड केलेला बार. चारही चकत्यांतून बार हाताने सरकला तर एक्सल सरळ. गोळा-नळी जोडल्यावर सरकला. मी बारला पावडर लावून तीनदा सरकवून बघितला, इतका आनंद झाला की त्याचा व्हिडिओ काढून मित्राला पाठवला.

मग मी शहाणपणा केला. म्हटलं नळी वाकू नये म्हणून वरून पट्टीचा ट्रस टाकू, ८ मिलिमीटरची प्लेट, गोळ्याच्या दोन्ही बाजूंना नळीवर उभी, म्हणजे पुलाच्या गर्डरसारखी. काकांनी विचारलं, "सगळी सलग मारायची का?" मी घाईत होतो. दुसऱ्या दिवशी गुरुवार, गुरुवारी भोसरी बंद, लाइटवाले मेन्टेनन्सपण गुरुवारीच काढतात. म्हटलं मारा. काका माझ्याकडे बघत राहिले, आणि मारली. दोन्हीकडून, वरच्या बाजूने, सलग.

शुक्रवारी बार घातला. पहिल्या तीन चकत्यांतून गेला, चौथीला अडला. डायल गेज लावून बघितलं तर उजवं टोक साडेतीन मिलिमीटर वर. साडेतीन! म्हणजे एक सुतापेक्षा जास्त. वर्कशॉपच्या भाषेत हा आकडा शिवीसारखा आहे. सहाशे मिलिमीटरच्या लांबीत साडेतीन म्हणजे कोनात एक तृतीयांश अंश, ऐकायला काहीच नाही, चाकाचा तेवढा कॅम्बर, म्हणजे बाजूचा कल, कोणाला दिसणार पण नाही, पण शाफ्ट त्या नळीतून सरळ जाणार आणि सील कायम एका बाजूला दाबलं जाणार, सहा महिन्यांत तेल बाहेर आणि चिखल आत. म्हणजे आम्ही जिथून सुरू केलं तिथेच परत. मी स्टुलावर बसलो. काकांनी काही ऐकवलं नाही, याचाच जास्त त्रास झाला. ते म्हणाले "वरून मारलं, वर आकसलं, टोक वर उचललं. आता खालून आकसवू."

आणि मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. ना हातोडी, ना जॅक. एक्सल दोन लोखंडी घोड्यांवर ठेवला, गॅसची ज्योत बारीक केली आणि नळीच्या खालच्या बाजूला, गोळ्यापासून वीतभर लांब (ओतीवाला अजिबात आच लागू द्यायची नाही), रुपयाच्या नाण्याएवढा एक ठिपका तापवला, अंधुक लाल होईपर्यंत, आणि ज्योत काढली. एवढंच. तापताना डायलचा काटा आधी उलटा गेला, टोक अजून वर, तीन पूर्णांक आठ, चार! मी ओरडणार तेवढ्यात काका म्हणाले "थांब रे, थंड तर होऊ दे". ओलं फडकं बाजूला धरलं, काटा हळूहळू फिरायला लागला, चार, साडेतीन, सव्वातीन, तीनच्या खाली. तापलेल्या जागेला पसरायला शेजारचं गार लोखंड जागा देत नाही, म्हणून ती स्वतःतच दाबली जाते, आणि थंड होताना आकसते ती मूळच्यापेक्षा आखूड होते, आणि टोक खाली ओढून घेते. पुस्तकात वाचलेलं होतं सगळं. पण डायलवर काटा आपोआप मागे येताना बघणं वेगळंच. असे सहा ठिपके, प्रत्येकानंतर अर्धा तास थांबणं, चार कप चहा. संध्याकाळी ०.३ मिलिमीटर. बार चौथ्या चकतीतून गेला, थोडा घट्ट, पण गेला. नंतर काकांना विचारलं की तुम्हाला माहीत होतं तर सलग मारताना थांबवलं का नाही, तर म्हणाले "इंजिनिअर तू आहेस".

कास्टरच्या भानगडीत पण एक फजिती झाली, ती पटकन सांगून टाकतो. किंगपिन वरच्या बाजूने मागे झुकलेली असते, तो कास्टर, त्याच्यामुळे स्टीअरिंग आपोआप सरळ येतं. मूळ जीपला तीन अंश असतो. आमच्या गाडीला आधी कोणीतरी पुढे लांब शॅकल (पाटा चेसिसला जोडणारी कडी) टाकून गाडी उचललेली, आमच्यात शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे, तो लांब केला की एक्सल पुढे कलतो आणि कास्टर जातो, म्हणून ती गाडी सरळ रस्त्यावर दारू प्यायल्यासारखी जायची. कास्टर वाढवायला एक्सल मागे कलवला तर पिनियन खाली बघायला लागतं आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस रडतो. एकाचं भलं केलं की दुसऱ्याचं वाईट. उपाय एकच, टोकाचे बॉल नळीवरून कापायचे आणि नळी जागेवर ठेवून बॉल फिरवून परत जोडायचे. ते केलं, पाच अंश धरून, फक्त एक्सल घोड्यांवर उलटा पालथा पडलेला होता आणि मी उजवीकडचा पाच अंश मागे फिरवायच्या ऐवजी पुढे फिरवून टॅक (ठिपक्यांनी तात्पुरतं वेल्डिंग) केला. डावं मागे पाच, उजवं पुढे पाच. चहा घेऊन आलेला पोरगा म्हणाला "दादा, हे दोन कान एकमेकांसारखे नाहीत". खरंच नव्हते. नशीब, नुसता टॅकच होता.

क्राऊन-पिनियन बसवणं म्हणजे संयमाची परीक्षा, आणि मला सगळ्यात आवडलेला भाग. पिनियनच्या बेअरिंगला किती ताण आहे हे बघायला फ्लँजवर दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याने ओढायचं, काटा मी मंडईतून आणला, भाजीवाल्यांकडे पूर्वी असायचा तो हुकवाला. फ्लँजची त्रिज्या पाच सेंटिमीटर, नवीन बेअरिंगला अडीच-तीन न्यूटन मीटर पाहिजे, म्हणजे काट्यावर पाच-सहा किलो दिसताना पिनियन एकसारखं फिरलं पाहिजे. शिम म्हणजे जाडी जुळवायच्या चकत्या, कागदासारख्या पातळ, एक काढली की नऊ किलो, एक घातली की तीन. अकरा वेळा उघडलं. मग दातांना निळा रंग लावून फिरवायचं आणि ठसा कुठे उठतो ते बघायचं, दाताच्या मधे उठला तर बरं, टोकाला किंवा मुळाशी उठला तर परत उघडा. आमचा एक्सल उलटा चालणार म्हणून मी ओढणाऱ्या बाजूचा ठसा नेहमीपेक्षा उलट्या बाजूवर बघत होतो आणि हे दर वेळी स्वतःला आठवून द्यावं लागत होतं, शेवटी गोळ्यावरच खडूने बाण काढला. दातांमधली ढिलाई ०.१५ ते ०.२३च्या मध्ये पाहिजे, आमची ०.१८ आली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. हाताला लागलेली निळाई तीन दिवस गेली नाही, ऑफिसात कोणीतरी विचारलं मतदान कुठे होतं.

खंडेनवमीला लेथला, वेल्डिंग मशीनला झेंडू वाहिले तेव्हा एक्सलला पण एक माळ घातली. रंग दिलेला होता नुकताच, झेंडूच्या दोन पाकळ्या त्याला कायमच्या चिकटल्यात.

कायद्याचं पण बोलतो, कारण कोणीतरी विचारेलच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्हीचा अर्थ असा की कंपनीने जे बनवलं आणि आरसीवर जे आहे त्यात मूळ बदल करायचा नाही. एक्सल बदलला हा बदलच आहे, ब्रेक तेच आहेत, चाकं तीच आहेत असं म्हणून सुटका नाही. त्यामुळे ही गाडी रस्त्यावर नाही. भोसरीहून वेल्ह्याला फ्लॅटबेडवर गेली आणि आता मामाच्या बांधावरच असते. सगळं मिळून ७८ हजार गेले, त्यात फ्लॅटबेड धरलेला नाही, तो धरला की बायको हिशेब मागते.

वेल्ह्यात गाडी उतरवली तेव्हा भात कापून झाला होता, खाचरं कोरडी. मी दोन लिटर तेल, दोन क्रॉस, पाने, सगळं घेऊन तयारीत. मामाला सांगत होतो, मामा हे बघ, नळी नवीन, हा ट्रस, हा कास्टर, स्टीअरिंग आता आपोआप सरळ येईल. मामाने खाली वाकून बघितलं पण नाही. "ब्रेक लागतो ना?" लागतो म्हटलं. बसला आणि गेला, तोच ओढा, तेच दोन धोंडे, मी मागे पळतोय. त्याच जागी उजवं चाक अडकलं. मी डोळे मिटले. मामाने लो टाकला, पहिला टाकला आणि दाबली. गाडीने एक हिसका दिला, डावं मागचं चाक जागच्या जागी फिरलं, खडे उडाले आणि ती वर आली. स्टीअरिंगला क्रॉसचा हिसका बसला तो मामाच्या अंगठ्याला लागला, त्यावरून दोन शिव्या मला.

वर बांधावर उभी करून मी खाली घुसलो टॉर्च घेऊन. सगळं कोरडं, फक्त उजव्या बॉलच्या सीलखाली तेलाचा एक थेंब, तोच साडेतीन मिलिमीटरचा कोपरा. पुसला. चहा पिऊन आलो तर परत एक. मामा म्हणाला, "एवढं तर ती नवीन होती तेव्हापण गळायची," आणि हौद्यात पेंढा भरायला लागला.